चार बोटं खाली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मी तिला कॅरिअरवर बसवून जिनिंगच्या फाटकापर्यंत नेलं आणि परत आणलं. आमचं सायकलचं दुकान. बाईमाणसासाठी फ्रेम जोडून झाली की पहिली फेरी आमच्या बुढीची, म्हणजे माझ्या बायकोची, हा दुकानाचा नियम. ती मागं बसायची, मी चालवायचो. रंग द्यायच्या आधी ही फेरी व्हायची, कारण काही चुकलं तर पुन्हा कापावं लागतं. तिचं वजन ज्या फ्रेमनं झेललं ती फ्रेम कडब्याचं ओझं, ज्वारीचं पोतं, दोन पोरं, काहीही झेलायची. बाई अंगानं भरलेली होती. आता ती नाही म्हणून मागं बोलतो असं समजू नका, चाळीस वर्षं तोंडावर बोललो.

त्या दिवशीही ती पदरात फुटाणे घेऊन बसली. मी दम टाकत पायडल मारतोय आणि मागून कटकट फुटाणे चावल्याचा आवाज. फाटकाशी वळताना म्हणाली,

"लचकून राह्यली."

"तू बसल्यावर बैलबंडीही लचकन."

"चेष्टा नोका करू. हँडलखाली, मानेपाशी लचकते. आन दांडा अजून चार बोटं खाली पाह्यजे."

"खाली घेतला का अजून लचकन. दोन्ही कसं होईन?"

"उंची पाह्यनं माहं काम. लचक काढनं तुमचं काम."

घरी येईपर्यंत आम्ही त्याच्यावर भांडलो. रस्त्यात दोन ओळखीचे भेटले, त्यांना तिनं फुटाणे दिले, मला दिले नाहीत. त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, ओट्यावर बसल्या बसल्या ती गेली. छातीत कळ आली म्हणाली. मी पाण्याचा गडवा घेऊन येईस्तोवर संपलं होतं. भांडण तसंच राहिलं.

ती फ्रेम कोणासाठी होती ते आधी सांगतो. तांड्यावरची एक बंजारा बाई. तिचा डावा पाय लहानपणापासून आखूड आणि बारीक. नवरा गेलेला, दोन पोरी. शेजारच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला लागलं होतं. तांड्यापासून शाळा दोन कोस. त्या वेळेला एसटी नाही, आणि त्या पायानं चालत गेली तर जायलाच दोन-अडीच तास. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. मोठ्या गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, चूल वेळेवर पेटली पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरी बाई पाहू. तिनं कोणाची तरी लेडीज सायकल मागून पाहिली, तर पाय दांड्यावरून पलीकडे जाईना. मग ती आमच्या दुकानात आली. बुढीनं तिला दुकानासमोरून चार पावलं चालायला लावलं, आणि मला काही न विचारता तिला सांगून टाकलं, "शाळा उघडायच्या आधी तुही सायकल तयार." मला ती कधीच विचारत नसे. अंगठ्याची बाई, सही येत नव्हती, पण दुकानात काय बनेल आणि काय नाही हे ती ठरवायची. मी चौथीपर्यंत शिकलेला, मी पाट्या रंगवायचो.

तिला हे फ्रेमचं वेड लागलं ते माझ्यामुळं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मी यवतमाळहून एक जुनी लेडीज सायकल आणली. हंसाच्या मानेसारखा वाकवलेला पाइप, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, पुढं नाजूक टोपली. मला वाटलं, बायको खूश होईल. तिनं सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "हे मुरडते काहून?"

दुसऱ्या दिवशी ती वावरातून गवताचा भारा कॅरिअरवर बांधून निघाली. नाल्याच्या उतारावर मान मोडली. सायकलची. भारा डोक्यावर घेऊन, सायकलचे दोन तुकडे फरफटत ती घरी आली. अंगाला खरचटलेलं, पण त्याचं काही नाही. दुकानात माझ्यासमोर ते तुकडे टाकले.

"हे कोनं बनवलं?"

"कंपनीनं."

"त्या कंपनीत बाई नाही काय?"

"असन एखांदी. चहा देणारी."

"मंग तिले काहून नाही इचारलं?"

मी खाली बसून ती मोडलेली मान हातात घेतली.

त्यानंतर महिनाभर ती रस्त्यानं जाणारी प्रत्येक सायकल बघत बसायची. त्या काळी ती नऊवारी लुगडं नेसायची, कासोटा घातलेलं. कासोटा घातलेली बाई पुरुषाच्या सायकलवर बसू शकते, आणि ही खुशाल बसायची, आडव्या दांड्यावरून पाय टाकून. म्हातारे लोक मान फिरवायचे. मी तिला म्हटलं, तुला तर लेडीज सायकल लागतच नाही, मग एवढा विचार कायले करते? तर तिनं मला चौकात नेलं. माझ्या सायकलवर मागं कुटाराचं, भुशाचं पोतं बांधलं आणि मी ओझं घेऊन कसा चढतो त्याची नक्कल करून दाखवली. सायकल तिरपी करायची, एका पायावर नाचायचं, पाय मागून जाईना म्हणून पुढून घालायचा, तो दांड्याला अडकवायचा, मग शिवी द्यायची. शिवीसकट केली. पानठेल्यावरचे लोक पोट धरून हसले.

मग म्हणाली, दांडा लुगड्याच्या आड येत नाही, ओझ्याच्या आड येतो. मागं ओझं बांधलं की पाय मागून फिरवता येत नाही. पुरुष कधीतरी ओझं नेतो, बाई रोज नेते. म्हणून बाईच्या सायकलचा दांडा खाली पाहिजे. आणि ओझं आहे म्हणूनच ती फ्रेम पुरुषाच्या फ्रेमपेक्षा मजबूत पाहिजे. कंपनीनं दांडा खाली घेतला आणि फ्रेम मात्र दोन वह्या घेऊन कॉलेजात जाणाऱ्या पोरीसाठी बनवली.

"बाई सायकलवर एकटी कधी बसत नाही," हे तिचं बोलणं. गिऱ्हाईक बाई आली की पहिला प्रश्न, "संग काय राह्यते?" कोणी म्हणे पोरगं, कोणी म्हणे दुधाची कॅन, कोणी म्हणे सासू. सासू म्हटलं की ती विचारायची, "पुढं पाहून बसते का एका बाजूनं?" आणि त्याप्रमाणं कॅरिअर बदलायची. एक नवी सून आली होती, ती लाजून म्हणाली, "काकू, संग काही नाही, मी एकटीच." बुढी म्हणाली, "एक साल थांब," आणि तिला जाड पाइपाची फ्रेम दिली.

माप घ्यायची तिची तऱ्हा वेगळी होती. टेप तिला वाचता येत नव्हती. ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळलेल्या काड्या वापरायची. दुकानाच्या मागं पोत्याचा पडदा लावलेला होता, तिथं बाईला नेऊन टाचेपासून गुडघ्यापर्यंत एक काडी मोडायची, गुडघ्यापासून कमरेपर्यंत एक, कोपरापासून बोटांपर्यंत एक. चौथी काडी, बाई पाय किती उचलते त्याची. सगळ्यात महत्त्वाची तीच, असं ती म्हणायची. मग त्या काड्यांना त्या बाईच्याच जुन्या साडीची चिंधी बांधून आढ्याला लटकवायची. आढ्याला अशा पन्नास-साठ जुड्या लटकत असायच्या. नवा माणूस दुकानात आला की त्याला वाटायचं इथं मिस्त्री सायकल करतो का भानामती. मी नुसती चिंधी पाहून कोणाची ते सांगू शकत नव्हतो, ती सांगायची. ही वांगी रंगाची शाळेतली बाई, ही ठिपक्याची दूधवाली. दहा वर्षांनी बाई परत आली तर जुडी काढून म्हणायची, "बाई, तू पाय पह्यल्यापेक्षा कमी उचलून राह्यली. गुडघा दुखते काय?" दुखत असायचाच. पडद्यामागं काय बोलणं व्हायचं ते मला माहीत नाही. बायका आत जाताना मापाला जायच्या आणि बाहेर येताना डोळे पुसून यायच्या, कधी हसत यायच्या. मी बाहेर पंक्चर काढायचो.

आर्णीला एका मोठ्या दुकानात आम्ही रिमा आणायला गेलो होतो. तिथं नव्या लेडीज सायकली ओळीनं उभ्या. दुकानदार तरणा, बोलण्यात साखर. तो हिला म्हणाला, "मावशी, ही बघा, खास महिलांसाठी डिझाईन केली आहे." झालं. बुढीनं विचारलं, "खास म्हणजे काय?" तो म्हणाला, रंग. आणि सीट रुंद. आणि टोपली. बुढी म्हणाली, "तू यावर चढून दाखव." तो चढला. "असा नाही. मागं ढेपेचं पोतं बांध." शेजारीच ढेपेचं, गुरांच्या पेंडीचं दुकान, पोतं आलं. "आता कमरेले हे गुंडाळ," म्हणून तिथलंच एक गोणपाट त्याच्या पायांभोवती घट्ट बांधलं, पाचवारी साडी नेसल्यासारखं. लोक जमले. तो पोरगा इज्जतीला पेटला, चढला, सायकल पुढून उचलली गेली आणि तो पोत्यासकट मागं बसला. बुढीनं त्याला हात देऊन उठवलं, अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "पोरा, लागलं नाही ना? आता कंपनीले कागद लिहून पाठव का मले असं असं झालं." त्या दुकानात मी पुढं दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. ती जात होती. तो तिला चहा पाजायचा.

लाज आणायची तिची ताकद मोठी होती. पुसदला आम्ही पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो. चांगलं घर, मुलगी शिकलेली. पोहे झाले. माझ्या वहिनीनं विचारलं, शिवण येतं का, भाकर येते का. मग हिची पाळी. ही विचारते, "बाई, सायकलवर कोणत्या पायानं चढते?"

मुलीच्या बापाला वाटलं, हे काही शकुनाचं असेल. मुलगी हुशार, म्हणाली, "डावा पायडलवर ठेवते, उजवा आतून काढते."

"मागं ओझं असलं तर?"

"तेव्हा आधी उतारावर नेते."

बुढीनं तिथंच मला सांगितलं, "सून पक्की." पुतण्याला कोणी विचारलं नाही. लग्नात आम्ही भांडं दिलं नाही, सायकल दिली. ती सून आता स्कूटी चालवते, पण सायकल अजून आहे. पुतण्या तिच्यावर ढेप आणतो, कारण त्यालाही तिच्यावरच ओझं घेऊन चढायला सोपं जातं. बुढीला हे सांगितलं तेव्हा ती आठ दिवस खूश होती.

आता तिच्या बाजूनंच सगळं सांगतो असं होऊ नये म्हणून हेही सांगतो, की ती चुकली होती. एकदा, आणि वाईट चुकली. सुरुवातीच्या काळात एका दूधवालीसाठी तिनं दांडा फारच खाली घ्यायला लावला. मी नको म्हणत होतो. पाइप साधा होता, मानेपाशी जोर येत होता. ती म्हणाली, बाईचे गुडघे गेलेत, वर पाय येत नाही. मी ऐकलं. दीड महिन्यानं भर बाजारात फ्रेम मोडली, बाईचे समोरचे दोन दात पडले, दूध सगळं रस्त्यावर. बुढीनं त्या बाईच्या घरी जाऊन तिच्या गाई-म्हशींचं शेण काढलं, पंधरा दिवस. कोणी सांगितलं नव्हतं. परत आली आणि म्हणाली, "आजपासून पह्यले मी बसन. मोडली तर माह्याखाली मोडू दे." कॅरिअरवरची फेरी तेव्हापासून. नंतर एकही मोडली नाही. पण माझ्या मनातून तो बाजार गेला नाही. ती "खाली" म्हणाली की मला ते दोन दात दिसायचे.

आमच्या शेजारचे चाचा पत्र्याचं आणि गॅसनं पाइप जोडायचं काम करायचे, अजून करतात. पाइपाचा पितळी टाका तेच मारतात, माझा हात आता थरथरतो. चाचा आमची भांडणं तीस वर्षं ऐकत आले. दोन्ही दुकानांमध्ये नुसता पत्रा, त्यामुळं त्यांना ऐकायला काही करावं लागत नसे. ते तिकडून ओरडायचे, "मिस्तरी, भाभी बोलून राह्यली तर काप ना चुपचाप. नाहीतर तुमाले दोघायले उपास आन मले फुकटचा रेडिओ." बुढी म्हणायची, "चाचा, तुमच्या घरी बेगम बोलत नाही काय?" चाचा म्हणायचे, "बोलते. पन ती पत्र्याबद्दल बोलत नाही, म्हून संसार चालला."

तर ती गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

आमची एकच पोरगी, पुण्याला दिलेली. ती दुपारपर्यंत पोचणार होती, म्हणून थांबायचं ठरलं. बुढीला समोरच्या खोलीत ठेवलं होतं. बायका आत, पुरुष बाहेर रस्त्याच्या कडेला बाकांवर. चूल पेटलेली नाही, हॉटेलातून चहा आला. बांबू आले. बुढीचा भाऊ, माझा साळा, सगळं पाहत होता, कोणाला काय आणायचं सांगत होता. मला कोणी काही करू देत नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला हात रिकामे ठेवून बसवलं की डोकं काम करत नाही. लोक येत होते, माझा खांदा धरत होते, बसत होते. मी मान हलवत होतो.

आठच्या सुमाराला तांड्यावरची बाई आली. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. बुढीनं तिला सकाळी बोलावलं होतं, फ्रेमवर बसून पाहायला, म्हणून ती पहाटेच निघून पायी आली होती. दारातल्या चपलांचा ढीग पाहून ती उभीच राहिली. मग कोणीतरी तिला सांगितलं. ती आत गेली, बुढीच्या पायाशी डोकं टेकलं, "याडी" एवढंच म्हणाली, म्हणजे आई, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बायकांत बसली. घराला लागूनच असलेल्या दुकानाच्या दारात तिची फ्रेम उभी होती, चाकं लावलेली, बिनरंगाची. ती तिकडं बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, ते मला दिसत होतं. ती काही मागणार नव्हती. अशीच बसून दुपारी सगळ्यांबरोबर हात जोडून पायी तांड्यावर गेली असती. आणि परवा शाळेत चूल दुसऱ्या कोणी पेटवली असती.

मी उठलो, दुकानात गेलो आणि फ्रेम बाहेर काढली.

साळा धावत आला. "भाऊजी, काय करून राह्यले? आज हातात आरी धरता काय?"

"हो."

"लोक काय म्हनतीन?"

"सायकल लोकायची नाही."

"भाऊजी, आतमंदी ती..."

"तिनं बोलावलं तिले. मी नाही बोलावलं."

माणूस वाईट नाही, बहीण गेली होती त्याची. मागून कोणीतरी बोललं, बुढ्याचं डोस्कं फिरलं. मी म्हटलं असेल फिरलं, आणि बाईला हाक मारली.

"बाई, इकडे ये."

"आज नोको, मिस्त्री. मी जाते."

"परवा शाळा आहे ना?"

"आहे."

"मंग ये."

ती आली. सगळी माणसं बघत होती. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाईक बाईला मी मापासाठी समोर उभं केलं नव्हतं, ते पडद्यामागचं काम. मला नजर कुठं ठेवावी कळेना, मी तिच्या चपलांकडं पाहिलं. म्हटलं, उजव्या अंगानं उभी राहा, चांगला पाय पायडलवर ठेव, आखूड पाय मधून पलीकडं काढ. मी हँडल धरलं. तिनं पाय उचलला, दोन्ही हातांनी साडी धरून. टाच दांड्याला लागली. पुन्हा उचलला, पुन्हा लागली. तिचा चेहरा घामानं भिजला.

मी खडू काढला. "किती खाली पाह्यजे?"

तिनं आतल्या खोलीकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "चार सांग, असं काकू म्हने."

"काय?"

"काकूनं मले त्या दिवशी पडद्यामागं सांगतलं होतं. मिस्त्रीनं इचारलं तर चार बोटं सांगजो. म्हने पाह्यजे तीनच. पन त्यायले तीन सांगतलं तर ते दोन देतेत. एक बोट ते सोताचं ठेवतेत. आन त्यायले वाटते का मले समजत नाही."

खरं आहे ते. ती जेवढं सांगेल त्याच्यापेक्षा एक बोट मी कमी कापायचो. सुरुवातीला कधीमधी. दुकान माझं, आरी माझ्या हातात, निदान एक बोट तरी माझ्या मनाचं असावं म्हणून. ते दात पडले त्यानंतर तर मी ते पक्कंच केलं. तिला कधी बोललो नाही. फेरी मारताना ती मागं बसून "आता बराबर" म्हणायची, तेव्हा मला मनातून हसू यायचं की बघ, माझ्या मापानं झाली आणि हिला कळलंच नाही. आणि ती मागं फुटाणे खात असायची.

चाचा बाकावरून उठून आले होते, त्यांनी ऐकलं. ते हसले, आणि लगेच टोपी काढून डोळ्यांवर धरली. दारातल्या दोन-तीन बायकांनीही ऐकलं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं आत सांगितलं, आणि रडण्यातून एक हसू उठलं आणि परत रडणं झालं.

मी तीन बोटांवर खडूची रेघ मारली. साळा तिथंच उभा होता. त्याला म्हटलं, धर. त्यानं फ्रेम धरली. मी दांड्याचा खालचा जोड कापला, तोंड कानशीनं घासून घेतलं आणि तीन बोटं खाली बसवलं. चाचांनी न सांगता गॅस आणला. टाका त्यांनी मारला, मी पितळेची काडी पुरवली. लचक उरलीच होती, ते माझं काम. पुढच्या चाकाच्या एका मोडक्या चिमट्याची जाड पट्टी कापून तिचे दोन तिकोनी तुकडे केले आणि मानेच्या दोन्ही अंगांना बसवले. डाव्या पायडलवर बाभळीचा ठोकळा आधीच करून ठेवला होता, तो आवळला. फ्रेम थंड व्हायला ठेवली. या कामात दोन तास गेले. एका म्हाताऱ्यानं चहाचा कप माझ्या शेजारी ठेवला, तो तसाच निवला.

मग ढेपेचं पोतं कॅरिअरवर बांधून मी आणि चाचांनी दोन्हीकडून सायकल दाबून पाहिली. वरून जोर दिला, आडवा जोर दिला. मान हलली नाही.

बाई म्हणाली, "अशा दिवशी घेऊन जाऊ काय, मिस्त्री?"

"घेऊन जा. रंग दिला नाही. जंग चढन, तर नंतर आनजो."

ती दारासमोर चढली नाही. सायकल हातानं ढकलत, एक पाय ओढत, नाल्याच्या पुलापर्यंत गेली. मी तिच्या मागं मागं गेलो. साळा म्हणाला, "भाऊजी, आता कुठी?" मी चालत राहिलो. पुलावर तिनं साडी खोचली, उजवा पाय पायडलवर ठेवला, आणि आखूड पाय उचलला. पहिल्यांदा सायकल डुगडुगली, तिनं खाली पाय टेकला. दुसऱ्यांदा पाय मधून पलीकडं गेला. कशाला लागला नाही. ती बसली. दोन वेळा हँडल इकडं तिकडं झालं, मग सरळ झालं. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पडली असती. तांड्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो.

परत आलो. हात रॉकेलनं आणि मग मातीनं घासून धुतले. आत गेलो, तर बायकांनी जागा करून दिली. मी तिच्या उशाशी बसलो, तिच्या कानापाशी वाकलो आणि म्हटलं, "चढली वं. तीन बोटांत चढली."